आईचा खुराक

पुतण्याच्या शेकरमधली पावडर पाण्यावर तरंगत होती. त्यानं शेकर जोरजोरात हलवला, थोडा वेळ ओट्यावर ठेवला, पुन्हा हलवला, तरी वर पांढरट थर होताच. आई वॉकर धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली होती.

“कशाचं रं हे?”

“अमिनो अ‍ॅसिड, आजी. जिममधनं आल्यावर घेतो.”

“अ‍ॅसिड? आन् प्यायचं?”

तो हसला, एका दमात पिऊन टाकलं आणि गाडीची किल्ली घेऊन निघून गेला. आईनं मान माझ्याकडे वळवली. उत्तर आता मला द्यायचं होतं.

मी पुण्याहून सुट्टी काढून आलो होतो. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गाव. सव्वा महिन्यापूर्वी आई न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, कोल्हापुरात ऑपरेशन झालं. वय चौऱ्याहत्तर. हाड नीट बसलंय, असं डॉक्टर म्हणाले. पण व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं एके दिवशी टेप काढून तिच्या दोन्ही मांड्यांचा घेर मोजला आणि वहीत दोन आकडे लिहिले. ते आकडे बघण्याआधीच मला फरक दिसला होता. पातळाखालून दिसणारी ती मांडी माझ्या दंडापेक्षा बारीक झाली होती. ज्या बाईला डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन ओढा ओलांडताना मी पाहिलं होतं, तिला खुर्चीतून उठायला दोन माणसं लागत होती.

अंथरुणाला खिळल्यावर स्नायू किती झपाट्यानं जातात, हे तोवर मला माहीत नव्हतं. अमेरिकेत २००७ साली धडधाकट वृद्ध माणसांना मुद्दाम दहा दिवस अंथरुणात ठेवून मोजमाप केलं होतं. दहा दिवसांत पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. ती माणसं आजारी नव्हती, कुणाचं हाड मोडलेलं नव्हतं. आई तर ऑपरेशन झालेली, वेदनेनं भूक मेलेली. दोन घास खाल्ले की ताट सरकवायची.

“कशाचं” याचं उत्तर मी तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवरून दिलं. आई माळकरी आहे. म्हटलं, दूध, डाळ, दाणे यांतलं जे प्रथिन असतं ना, ती अशीच एक ओवलेली माळ असते. पोटात गेली की तिचा दोरा तुटतो, मणी सुटे होतात, आणि शरीर त्या मण्यांची स्वतःला हवी तशी नवी माळ ओवतं. हे मणी म्हणजेच अमिनो अ‍ॅसिड, अमिनो आम्लं. मणी वीस जातींचे. त्यातले अकरा शरीर घरच्या घरी घडवतं. उरलेले नऊ त्याला घडवता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. या डब्यात फक्त ते नऊ आहेत, सुटे करून ठेवलेले.

तिनं माळ बोटांत धरली. “आन् एखादा नसला तर?”

नेमका हाच प्रश्न विल्यम रोझ या रसायनशास्त्रज्ञानं आयुष्यभर धरून ठेवला होता. इलिनॉय विद्यापीठात तो उंदरांना तोवर माहीत असलेली सगळी अमिनो आम्लं एकत्र करून घालत होता, तरी उंदीर वाढेनात. दुधातलं केसिन हे प्रथिन घातलं की वाढायचे. म्हणजे केसिनमध्ये आणखी काहीतरी होतं, कुणी न ओळखलेलं. १९३५ साली त्यानं ते शोधून काढलं. ते थ्रिओनीन. मग त्यानं माणसांकडे मोर्चा वळवला, आणि माणसं म्हणजे त्याचेच विद्यार्थी. मक्याचं पीठसत्त्व (स्टार्च), साखर, लोण्यातली चरबी, क्षार, जीवनसत्त्वं आणि मोजून दिलेली सुटी अमिनो आम्लं, एवढंच जेवण. सोबत यकृताच्या अर्काची पेपरमिंट घातलेली एक मोठी तपकिरी वडी. पोरं हे दिवसेंदिवस खात राहिली. त्यातलं एखादं अत्यावश्यक, म्हणजे शरीराला घडवता न येणारं, आम्ल काढून घेतलं की थोड्याच दिवसांत शरीर मिळवतंय त्यापेक्षा जास्त नत्र, म्हणजे प्रथिनांतला नायट्रोजन, गमवायला लागायचं. भूक जायची, थकवा यायचा, माणूस चिडचिडा व्हायचा. ते आम्ल परत दिलं की सावरायचा. रोझनं प्रौढांसाठी अशी आठ आम्लं नक्की केली. नववं हिस्टिडीन, ते मोठ्या माणसांनाही लागतं हे १९७०च्या दशकात पुढे आलं.

एक मणी नसला तर ओवणं तिथंच थांबतं. बाकीचे कितीही असोत. आणि शरीराला वेगळी कोठी नाही. फार गरज पडली तर ते स्वतःच्याच स्नायूंची माळ तोडून मणी काढतं.

हे सांगताना मी तिच्याकडे बघत होतो आणि डोळ्यांसमोर येत होती दादाची थाळी.

माझा थोरला भाऊ कोल्हापुरात तालमीत होता. सहा वर्षं. शाहू महाराजांनी ज्या गावात १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं, त्या गावात पोराला पैलवान करायचा म्हणजे घरातल्या सगळ्यांनी मिळून एक व्रत घेण्यासारखं होतं. आमच्या दोन म्हशी होत्या. पहाटे धार काढून कॅन भरायचा, पहिल्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा, स्टँडवर तालमीतलं पोरगं उतरवून घ्यायचं. महिन्याला तूप कढवून डबा. बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी यांची पुडकी. सुट्टीला दादा घरी आला की आई रात्री बदाम भिजत घालायची, पहाटे साली काढून कुंडीत घोटायला बसायची. त्या घोटण्याचा आवाज म्हणजे माझ्या लहानपणीची सकाळ. दादा पाचशे बैठका मारून यायचा, अंगावर हौद्यातली लाल माती, आणि आई तांब्या पुढे करायची. त्याच्या दंडाकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी परत कधी पाहिलं नाही. खाशाबा जाधवांचा फोटो आमच्या सोप्यात देवांच्या शेजारी होता. १९५२ साली हेलसिंकीला गोळेश्वरच्या पोरानं पदक आणलं, मग आपल्या गावचं का नाही आणणार, असं वडील म्हणायचे.

पदक आलं नाही. गुडघा गेला आणि दादा शेतीकडे वळला. तो भाग आमच्या घरात फारसा बोलला जात नाही.

पण त्या सहा वर्षांत आई काय खात होती, हे मला त्या संध्याकाळपर्यंत कधी विचारावंसं वाटलं नाही, याचं आज वाईट वाटतं. मी वही घेतली आणि आठवून लिहायला लागलो. दादाला दिवसाला दोन लिटर म्हशीचं दूध, शंभरेक बदाम. नुसत्या तेवढ्यात शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. आई सगळ्यांचं झाल्यावर बसायची. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, पातेल्यात उरलेलं आमटीचं वरचं पाणी, ताक. डाळ खाली बसलेली असायची ती आधीच कुणाच्या तरी वाटीत गेलेली. दूध चहापुरतं. तूप म्हणजे भांड्याला लागलेली बेरी.

दिवसाच्या तीन भाकऱ्या धरल्या तर त्यातून वीसेक ग्रॅम प्रथिन मिळतं. आकडा अगदीच वाईट दिसत नाही. पण त्या नऊ मण्यांतला एक, लायसीन, ज्वारीच्या प्रथिनात फार कमी असतो. पन्नास किलो वजनाच्या बाईला दिवसाला दीड ग्रॅम लायसीन लागतं आणि तीन भाकऱ्यांमधून अर्धा ग्रॅमही मिळत नाही. लायसीन असतं डाळीत, दुधात, दह्यात. म्हणून तर भाकरीबरोबर पिठलं, भाताबरोबर आमटी, खिचडीत मुगाची डाळ, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. धान्यात लायसीन कमी, डाळीत मिथिओनीन हा दुसरा मणी कमी, दोन्ही एका ताटात आली की एकमेकांची उणीव भरतात. ही जोडी ज्या बायकांनी चुलीवर रोज लावली, त्यांच्याच ताटातून तिचा अर्धा भाग रोज नाहीसा होत होता.

ज्वारीविषयी आणखी एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. जिममधली पोरं ज्या ल्युसीनचं नाव सगळ्यात आधी घेतात, ते ज्वारीत भरपूर असतं, गहू-तांदळाच्या तुलनेत बरंच जास्त. १९६० साली हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (तीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली) डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी असं मांडलं की दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा आजार होतो, त्यामागे हे जादा ल्युसीन असावं. पेलाग्रा होतो नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडल्यानं, आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून नायसिन तयार होण्याच्या कामात ल्युसीन अडथळा आणतं, असा त्यांचा तर्क. या आजारात उन्हात उघडी पडणारी कातडी काळवंडते, सोलते, जीभ लाल होते, जुलाब लागतात, मनही बिघडतं. पुढे या तर्कावर बराच वाद झाला, सगळ्या प्रयोगांतून एकच उत्तर आलं नाही. पण मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जे अमिनो आम्ल आज डब्यावर ठळक अक्षरांत छापून विकलं जातं, त्याच्यावर आपल्याच मातीत, आपल्याच भाकरीच्या संदर्भात, एकेकाळी संशय घेतला गेला होता. नऊ जणांतला एकच वाढवून चालत नाही, ही शंका जिमच्या आधी भाकरीनं उभी केली.

ल्युसीनचं काम मात्र खरं आहे. ते नुसता मणी नाही. स्नायूच्या पेशीला ते वर्दी देतं की माल आलाय, कामाला लागा. आमच्याकडे साखर कारखान्याचा भोंगा होतो तसं. पाळीचे कामगार उठतात, यंत्रं सुरू होतात. पण गव्हाणीत ऊसच पडला नाही तर भोंग्यानं साखर होत नाही. पुतण्या आधी वर्षभर बीसीएए घेत होता, म्हणजे ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीनच. या विषयात आयुष्य घालवलेल्या रॉबर्ट वुल्फ यांनी २०१७ साली उपलब्ध अभ्यास तपासून स्पष्ट लिहिलं की नुसत्या या तिघांनी माणसाचा स्नायू वाढतो याला आधार नाही. उरलेली सहा आणायची कुठून? स्वतःच्याच स्नायूतून. मी हे पुतण्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्याचे त्या डब्यांवर गेलेले पैसे त्यानं दुधाच्या बिलातून वाचवलेले होते.

आता आईला ही पावडर द्यायची का? मी मनात धरून आलो होतो की नाही द्यायची. घरात दूध आहे, डाळ आहे, मग डबा कशाला? पण ती पन्नास ग्रॅम डाळ खाऊ शकत नव्हती, हे समोर दिसत होतं. आणि म्हातारपणी स्नायू बहिरा होतो. तरुणाला जेवढ्या प्रथिनानं जाग येते तेवढ्यानं वृद्धाच्या स्नायूला येत नाही, त्याला एका वेळच्या जेवणात जास्त लागतं, विशेषतः ल्युसीन. आपल्याकडे प्रौढांना वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनाची शिफारस आहे. वृद्धांना १ ते १.२ ग्रॅम हवं असं या विषयातले जाणकार गेली दहा-बारा वर्षं सांगतायत, आजारातून उठणाऱ्यांना आणखी थोडं. वयानुसार मांस झडण्याला सार्कोपेनिया हे नावसुद्धा १९८९ साली मिळालं. त्याआधी ते नुसतं म्हातारपण होतं.

सुट्या अमिनो आम्लांना पचवावं लागत नाही, पोट भरल्यासारखं होत नाही. दहा ग्रॅम पावडरमध्ये साधारण तेवढी ही नऊ अत्यावश्यक आम्लं असतात जेवढी पंचवीस ग्रॅम दुधाच्या प्रथिनात. ज्याला भूक आहे त्याच्यासाठी हा हिशेब निरर्थक आहे, आणि निरोगी तरुणानं दूध-डाळ-अंडी सोडून त्यावर पैसे घालवू नयेत असं माझं ठाम मत आहे. पण आईसारख्या माणसासाठी त्यात अर्थ आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये गुडघ्याचा सांधा बदललेल्या २८ वृद्धांवर एक अभ्यास झाला. ऑपरेशनच्या एक आठवडा आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत काहींना दिवसातून दोनदा २० ग्रॅम अमिनो आम्लं दिली. त्यांच्या मांडीचा स्नायू इतरांच्या मानानं बराच कमी झडला. अभ्यास लहान आहे, पण आईच्या स्थितीच्या इतका जवळचा दुसरा मला सापडला नाही.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आधी क्रिएटिनीन तपासायला लावलं, मूत्रपिंड ठीक असेल तरच म्हणाले. रिपोर्ट बरा आला. मग आईचा प्रश्न उरला, आणि तो रास्त होता. माळकरी बाईनं हे प्यावं का? ही आम्लं पूर्वी केस, पिसं आम्लात उकळून काढत. १९५०च्या दशकात जपानमध्ये एक जिवाणू सापडला आणि त्यानंतर यातली बरीचशी आंबवून होऊ लागली, दही लागतं तसं, मोठमोठ्या टाक्यांतून. मी डबा फिरवून बघितला. हिरवा ठिपका होता, परवान्याचा चौदा आकडी नंबर होता, आंबवून केल्याचं लिहिलेलं होतं, आणि नवाच्या नऊ आम्लांचं वजन वेगवेगळं छापलेलं होतं. काही डब्यांवर सगळ्यांची मिळून एकच बेरीज असते. तसले मी विकत घेणार नाही.

चव वाईटच. ल्युसीन कडू, पाण्यात विरघळायला नाखूश. मिथिओनीनला उकडलेल्या कोबीसारखा वास. लिंबू पिळून, मीठ-साखर घालून, तांब्यात घुसळून दिलं. आईनं डोळे मिटून घेतलं, काढा घेतल्यासारखं. सकाळी एकदा, व्यायामाआधी एकदा, असं तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही. दुसऱ्या आठवड्यात भूक लागायला लागली, आणि तिथून माझं लक्ष डब्यावरून ताटाकडे गेलं.

ताट बदलणं पावडरपेक्षा कितीतरी अवघड निघालं. सकाळी पेलाभर दूध समोर ठेवलं की ती अर्धं पुतण्यासाठी बाजूला काढायची. आमटीची वाटी तळापासून ढवळून घट्ट वाढली की म्हणायची, “एवढी डाळ मला कशाला, पोरास्नी घाल.” दादा एकदा चिडला. “आई, मी बावन्न वर्षांचा हाय. पोरगा पंचवीसचा. आता कुणासाठी राखतीस?” ती काही बोलली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि वाटी संपवली.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली. वहिनी चुलीशी शेवटी बसली होती. भाकरी, ठेचा, आमटीचं वरचं पाणी. आईसाठी मांडलेला सगळा हिशेब तिच्या ताटालाही लागू होता, फक्त पंचवीस वर्षं आधी. मी दादाकडे बघितलं. त्यालाही दिसलं होतं. आता आमच्या घरी आमटी वाढताना पळी तळापर्यंत जाते, आणि वहिनी सगळ्यांबरोबर बसते. आठवड्यातून दोनदा सोयाबीनची उसळ होते. आमच्या रानात दरवर्षी पिकतं ते, नवाच्या नऊ आम्लांनी भरलेलं, आणि इतकी वर्षं आम्ही ते पोत्यात भरून बाजारात पाठवत होतो.

नुसतं खाऊन मांडी भरणार नव्हती, हे आमच्यापैकी दादाला सगळ्यात आधी कळलं होतं. बोस्टनमध्ये १९९४ साली वृद्धाश्रमातल्या शंभर अशक्त माणसांवर प्रयोग झाला, सरासरी वय सत्त्याऐंशी. काहींना वजनं देऊन पायांचा व्यायाम करवला, काहींना पोषक पेय दिलं, काहींना दोन्ही. दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंचा जोर दुपटीहून वाढला. नुसतं पेय पिणारे होते तिथंच राहिले. मी हे वाचून दाखवलं तर दादा म्हणाला, “वस्ताद हेच सांगायचे की. मेहनत नाही तर खुराक चरबी होतो.”

खुर्चीतून न टेकता उठायचं आणि बसायचं, हा त्या मुलीनं दिलेला व्यायाम. दादानं त्याला बैठका हे नाव दिलं आणि स्वतः मोजायला बसला. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी. खुर्ची भिंतीला टेकवून, पुढे वॉकर, बाजूला पुतण्या. पहिल्या दिवशी एकही झाली नाही. आठवड्यानं दोन झाल्या, आणि दुसरीला दादाच्या तोंडून तालमीतला तो हुंकार निघाला, जो मी तीस वर्षांत ऐकला नव्हता.

काल व्हिडिओ कॉलवर मी बघत होतो. आईनं पदर खोचला, दोन्ही हात छातीशी घडी करून धरले. दादा मोजत होता, आवाज चढवत. सातवीला तिचा श्वास लागला. नववी झाली. दहाव्या वेळी उठताना तिनं हात खुर्चीच्या दांडीवर जरासा टेकवला, दादानं ती मोजली नाही. रात्री वहिनीनं सांगितलं, आई जेवताना भांडत होती. दहा झाल्याच म्हणत होती, आणि दुसऱ्यांदा आमटी मागून घेत होती.